नखशिखांत स्पॅनिश

‘डावा हात दुखतो,’ असे एखाद्या मराठी माणसाने दवाखान्यात सांगितले, की डॉक्टरांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘हात म्हणजे नेमका कुठे? दंडात की पंजात?’ खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा सारा प्रदेश मराठीत ‘हात’ या एकाच शब्दात मावतो. स्पॅनिशमध्ये हेच वाक्य सांगायचे तर बोलणाऱ्याला आधीच निवड करावी लागते. मनगटापुढचा पंजा असेल तर ‘मानो’ आणि खांद्यापासून मनगटापर्यंतचा भाग असेल तर ‘ब्रासो’. छातीत दुखत असताना डाव्या ‘ब्रासो’तही वेदना होत असेल, तर ती हृदयविकाराची सूचना असू शकते. तीच वेदना ‘मानो’ या शब्दाने सांगितली गेली, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुरगळलेला पंजा किंवा आखडलेली बोटे उभी राहण्याचीच शक्यता अधिक. शब्द पाठ असूनही अर्थ निसटतो, तो असा.

शरीराच्या अवयवांची नावे हा कोणत्याही परकीय भाषेच्या वर्गातला अगदी सुरुवातीचा धडा. आकडे, रंग आणि वार झाले, की मानवी आकृतीचे चित्र फळ्यावर येते आणि डोक्यापासून पायापर्यंत बाण काढले जातात. तीस-चाळीस शब्दांची ही यादी दोन संध्याकाळींत पाठ होते आणि तेवढ्याच वेगाने विसरलीही जाते. वस्तुतः भाषेचा स्वभाव ज्या धड्यात सर्वांत लवकर प्रकट होतो, तो हाच. स्पॅनिशच्या बाबतीत तर मराठी विद्यार्थ्याला या धड्यात एक अनपेक्षित लाभ मिळू शकतो. इंग्रजीच्या वाटेने गेल्यास जी वळणे अवघड वाटतात, त्यांतील बरीचशी मराठीच्या वाटेने सरळ होतात.

सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा असलेली स्पॅनिश ही स्पेनसह वीस देशांची अधिकृत भाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांमध्ये तिचा समावेश होतो. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींहून अधिक आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा अशा राज्यांत काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांना आणि परिचारिकांना ही भाषा रोजच कानांवर पडते. मुंबई-पुण्यातही स्पॅनिश शिकणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. कोणी नोकरीसाठी शिकतो, कोणी उच्च शिक्षणासाठी, तर कोणी निव्वळ आवडीपोटी. मात्र पाठ्यपुस्तके आणि मोबाइलवरील शिकवण्या यांतील बहुतेकांची माध्यमभाषा इंग्रजी असल्याने मराठी विद्यार्थी स्पॅनिश शब्दाकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो. घोटाळ्याची सुरुवात तेथेच होते.

त, द आणि विस्मरणात गेलेला ञ

पहिला घोटाळा उच्चारांचा. स्पॅनिशमध्ये दाताला ‘द्येन्ते’ म्हणतात. इंग्रजीची सवय झालेली जीभ त्याचा ‘डिएंटे’ करून टाकते. स्पॅनिशमधील त आणि द हे मराठीतल्याप्रमाणेच दंत्य वर्ण आहेत. जिभेचे टोक दातांच्या मागे टेकवून ते उच्चारले जातात. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हे उच्चार मुद्दाम घोटून घ्यावे लागतात, मराठी माणसाला ते बाळपणीच मिळालेले असतात. क, प, त हे वर्ण हवेच्या झोताशिवाय, म्हणजे ख, फ, थ यांच्याकडे न झुकता उच्चारायचे असतात. हा भेदही देवनागरी वर्णमालेत आधीपासूनच आहे.

नखाला स्पॅनिशमध्ये ‘उञा’ म्हणतात, मनगटाला ‘मुञेका’ आणि मूत्रपिंडाला ‘रिञोन’. शाळेत च-छ-ज-झ-ञ असे म्हणताना पाठ केलेला आणि नंतर कधीच स्वतंत्रपणे न वापरलेला ञ येथे खऱ्या अर्थाने कामाला येतो. छातीला ‘पेचो’ म्हणतात. त्यातला च ‘चार’मधला, ‘चोर’मधला नव्हे. असा भेद एका वाक्यात समजावण्याची सोय मराठीइतकी फार थोड्या भाषांत असेल.

अडचण येते ती एका वर्णापाशी. डोळ्याला ‘ओख़ो’, कानाच्या पाळीसह दिसणाऱ्या बाह्य कानाला ‘ओरेख़ा’ आणि भुवईला ‘सेख़ा’ म्हणतात. यातला ख़ मराठी ‘खडू’तला नव्हे. तो उर्दूतील ‘ख़ुदा’प्रमाणे घशातून घासत येतो. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत तो सौम्य होऊन ‘ह’कडे झुकतो. दुसरा प्रादेशिक फरक स आणि थ यांचा. डोक्याला लॅटिन अमेरिकेत ‘काबेसा’ म्हणतात, तर स्पेनच्या बहुतांश भागात ‘काबेथा’. त्यातला थ इंग्रजीतल्या ‘थिंक’सारखा, जीभ दातांमध्ये धरून उच्चारलेला असतो. दोन्ही उच्चार शुद्ध मानले जातात. विद्यार्थ्याने कोणताही एक निवडावा आणि त्यावर ठाम राहावे, हे उत्तम.

हात पुल्लिंगी, ‘मानो’ मात्र स्त्रीलिंगी

स्पॅनिशमधील प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असते. त्याच्या आधी लिंगानुसार ‘एल’ किंवा ‘ला’ लागते, अनेकवचनात ‘लोस’ किंवा ‘लास’. निर्जीव वस्तूंना लिंग कशाला, असा प्रश्न इंग्रजीभाषकाला पडतो. ‘नाक’ ते, ‘जीभ’ ती आणि ‘कान’ तो, हे निमूटपणे स्वीकारलेल्या मराठी माणसाला तो पडण्याचे कारण नाही. तीन लिंगे सांभाळणाऱ्याला दोन सांभाळणे अवघड जाऊ नये.

तरीही सावध राहावे लागते, कारण दोन्ही भाषांतील लिंगे जुळतातच असे नाही. डोळा, दात, खांदा हे मराठीत पुल्लिंगी आणि स्पॅनिशमध्येही ‘एल ओख़ो’, ‘एल द्येन्ते’, ‘एल ओम्ब्रो’ असे पुल्लिंगीच. जीभ आणि पाठ स्त्रीलिंगी, तशाच ‘ला लेंग्वा’ आणि ‘ला एस्पाल्दा’. गुडघा मात्र ‘ला रोदिया’ होऊन स्त्रीलिंगात जातो, तर मान ‘एल क्वेयो’ होऊन पुल्लिंगात. नपुंसकलिंगी नाक ‘ला नारीस’ बनते, कपाळ ‘ला फ्रेन्ते’ आणि कोपर ‘एल कोदो’.

सामान्यतः शेवटी ‘ओ’ असलेली नामे पुल्लिंगी आणि ‘आ’ असलेली स्त्रीलिंगी, असा नियम सांगितला जातो. ‘ला मानो’ हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध अपवाद. लॅटिनमधील ‘मानुस’ हा हातासाठीचा शब्द स्त्रीलिंगी होता. स्पॅनिशने शेवटचा ध्वनी बदलला, पण लिंग बदलले नाही. म्हणूनच अवयवाचे नाव कधीही एकटे पाठ करू नये. ‘मानो’ नव्हे तर ‘ला मानो’, ‘प्ये’ नव्हे तर ‘एल प्ये’ अशीच जोडी तोंडात बसवावी. पुढे विशेषणे आली, की ही सवय उपयोगी पडते. डावा ‘ब्रासो’ हा ‘इस्क्येर्दो’ असतो, तर डावा ‘मानो’ ही ‘इस्क्येर्दा’ असते.

‘माझे’ न म्हणणारी भाषा

या धड्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग व्याकरणाचा आहे आणि मराठीचा खरा आधार येथेच मिळतो. घरी आल्यावर आई मुलाला ‘हात धू’ असे सांगते. ‘तुझे हात धू’ असे कोणी म्हणत नाही. हात दुसऱ्या कोणाचे असणार? इंग्रजीला मात्र ‘तुझे’ म्हटल्यावाचून चालत नाही. स्पॅनिश या बाबतीत मराठीच्या बाजूने उभी आहे. ‘लावाते लास मानोस’ या वाक्यात ‘तुझे’ हा शब्द नाही. ‘लास मानोस’ म्हणजे नुसते ‘हात’, आणि धुण्याची क्रिया स्वतःवर होते हे क्रियापदाला चिकटलेल्या ‘ते’वरून कळते. ‘मी हात धुतो’ हे वाक्य ‘मे लावो लास मानोस’ असे होते. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी येथे हमखास ‘माझे’ या अर्थाचा ‘मी’ किंवा ‘मिस’ घालतो आणि वाक्य परके वाटू लागते.

दुखण्याचेही तेच. ‘डोके दुखते’ याला स्पॅनिशमध्ये ‘मे द्वेले ला काबेसा’ म्हणतात. शब्दशः अर्थ लावला तर ‘मला दुखते डोके’. यातला ‘मे’ म्हणजे ‘मला’. मराठी माणसाला ही रचना परकी वाटू नये. ‘मला आवडते’, ‘मला पटते’, ‘मला बोचते’ अशी वाक्ये तो दिवसभर बोलत असतो. ज्याला वेदना होते त्याला चतुर्थीत ठेवायचे आणि जे दुखते त्याला कर्ता करायचे, एवढेच सूत्र. दुखणारा अवयव एक असेल तर ‘द्वेले’, अनेक असतील तर ‘द्वेलेन’. मराठीतही ‘डोके दुखते’ पण ‘डोळे दुखतात’. त्याप्रमाणे ‘मे द्वेलेन लोस ओख़ोस’.

समोरच्याला विचारताना मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेदही स्पॅनिशमध्ये जसाच्या तसा भेटतो. लहान मुलाला किंवा मित्राला ‘दोन्दे ते द्वेले?’, म्हणजे ‘तुला कुठे दुखते?’ वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी रुग्णाला मात्र ‘दोन्दे ले द्वेले?’, म्हणजे ‘तुम्हाला कुठे दुखते?’ इंग्रजीत हा भेद उरलेला नाही. सत्तर वर्षांच्या आजीबाईंना ‘ते’ म्हणून विचारणे व्याकरणदृष्ट्या चूक नसले, तरी अनेक ठिकाणी ते उद्धटपणाचे वाटू शकते. मराठी घरात वाढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

अर्थात प्रत्येक ठिकाणी मराठी सोबत करील असे नाही. ‘मला ताप आहे’, ‘मला भूक लागली आहे’ ही वाक्ये स्पॅनिशमध्ये ‘माझ्याजवळ असणे’ या अर्थाच्या क्रियापदाने होतात. ‘तेंगो फ्येब्रे’ म्हणजे मला ताप आहे आणि ‘तेंगो आंब्रे’ म्हणजे मला भूक लागली आहे. पूल कोठे संपतो हे ठाऊक असणे पूल असण्याइतकेच महत्त्वाचे असते.

सीमारेषा कोणी आखल्या?

शरीर सगळ्यांचे सारखेच, पण त्याची वाटणी प्रत्येक भाषा आपल्या पद्धतीने करते. मराठीतील ‘पाय’ हा मांडीपासून बोटांपर्यंत पसरलेला असतो. स्पॅनिशमध्ये घोट्याखालचे पाऊल ते ‘प्ये’ आणि त्यावरचा पाय तो ‘प्येर्ना’. ‘कान’ मराठीत एकच, स्पॅनिशमध्ये मात्र बाहेर दिसतो तो ‘ओरेख़ा’ आणि आत ऐकतो तो ‘ओईदो’. कानात ठणका लागला असेल तर ‘मे द्वेले एल ओईदो’ म्हणायला हवे. ‘ओरेख़ा’ दुखतो म्हटल्यास कानाच्या पाळीला काही झाले असावे, असा समज होईल. केसांच्या बाबतीत स्पॅनिश आणखी काटेकोर आहे. सर्वसाधारण केस ‘पेलो’, डोक्यावरचे ‘काबेयो’ आणि अंगावरची लव ‘बेयो’. शिवाय ‘एल पेलो’ हा शब्द डोक्यावरच्या साऱ्या केसांसाठी एकवचनातच वापरतात.

काही ठिकाणी मात्र मराठी आणि स्पॅनिश यांनी सीमा एकाच जागी आखल्या आहेत आणि इंग्रजी वेगळी पडली आहे. हाताचे बोट आणि पायाचे बोट यांना इंग्रजीत दोन निराळी नावे आहेत. मराठीत दोन्ही ‘बोटे’च, स्पॅनिशमध्येही दोन्ही ‘देदो’च. पायाचे बोट सांगायचे तर ‘देदो देल प्ये’ म्हणावे, अगदी मराठीसारखे. दात आणि दाढ यांचा भेद दोन्ही भाषांच्या रोजच्या बोलण्यात आहे. दात ‘द्येन्ते’, तर दाढ ‘मुएला’. मराठी माणूस ‘दाढ दुखते’ म्हणतो, स्पॅनिशभाषकही ‘दोलोर दे मुएलास’ म्हणजे दाढदुखीचीच तक्रार करतो. अक्कलदाढेला तर स्पॅनिशमध्ये ‘मुएला देल ख़ुईस्यो’ असे नाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘विवेकाची दाढ’.

प्राण्यांच्या पायाला स्पॅनिशमध्ये ‘पाता’ हा वेगळा शब्द आहे. टेबलाच्या पायालाही तोच चालतो. माणसाच्या पायाला ‘पाता’ म्हणणे थट्टेचे किंवा असभ्य ठरते. ‘तोंड’ आणि ‘थोबाड’ यांतील अंतर जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही छटा लगेच उमगेल.

दवाखान्यातील कसोटी

वर्गात चूक झाली तर दोन गुण जातात. दवाखान्यात झालेल्या चुकीची किंमत वेगळी असते. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. स्पॅनिशभाषक कुटुंबीयांनी त्याच्या स्थितीचे वर्णन करताना ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काहीतरी बाधल्याने तो आजारी पडला असावा, एवढेच त्यांना म्हणायचे होते. इंग्रजीतील त्याच्यासारख्या दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ नशेत असणे असा होतो. डॉक्टरांनी अमली पदार्थांचे अतिसेवन गृहीत धरून उपचार सुरू केले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. ते लक्षात येईपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ उलटला आणि त्या तरुणाचे चारही अवयव कायमचे लुळे पडले. प्रशिक्षित दुभाषाला कोणी बोलावलेच नव्हते, कारण आपण एकमेकांचे बोलणे समजलो आहोत, असे दोन्ही बाजूंना वाटत होते. पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले आणि कोट्यवधी डॉलरच्या भरपाईवर मिटले. वैद्यकीय दुभाषांच्या प्रशिक्षणात त्याचा दाखला आजही दिला जातो.

इंग्रजीसारखे दिसणारे असे फसवे शब्द आणखीही आहेत. ‘एंबारासादा’ म्हणजे ओशाळलेली स्त्री नव्हे, तर गर्भवती. स्पेनमध्ये ‘कोंस्तिपादो’ असलेल्या माणसाला सर्दी झालेली असते. लॅटिन अमेरिकेत अनेक ठिकाणी मात्र त्याच शब्दाने बद्धकोष्ठतेची तक्रार केली जाते.

अवयवांची नावेही बोलीभाषेत आपली जागा सोडतात. स्पेनमध्ये ‘मे द्वेलेन लोस रिञोनेस’ असे कोणी म्हटले, तर शब्दशः अर्थ ‘मूत्रपिंडे दुखतात’ असा होतो. बोलणाऱ्याची मात्र बहुधा कंबर धरलेली असते. मराठीत ज्याला ‘छातीत जळजळ’ म्हणतात, ती स्पॅनिशमध्ये ‘आर्दोर दे एस्तोमागो’, म्हणजे पोटातली आग होते. ‘बोका देल एस्तोमागो’ म्हणजे शब्दशः ‘पोटाचे तोंड’. बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खालच्या, पोटाच्या वरच्या भागाला उद्देशून हे शब्द येतात. मराठी रुग्णही ‘पोटात कळ’, ‘पोटात गोळा’, ‘पोटात आग’ असे नाना प्रकारांनी सांगत असतो. शब्दकोश हाती धरून अशा वाक्यांचा उलगडा होत नाही.

म्हणूनच अनुभवी मंडळी एक साधा उपाय सांगतात. अवयवाच्या नावावर विसंबू नये, बोटाने दाखवायला सांगावे. ‘सेञाले कोन एल देदो’, म्हणजे ‘बोटाने दाखवा’. आणि निर्णय गंभीर असेल तेथे प्रशिक्षित दुभाषाला बोलवावे. चाळीस शब्द पाठ असणे ही रुग्णाला धीर देण्यापुरती मोठी गोष्ट आहे, निदान करण्यापुरती नाही.

नाळ जुळते कोठे?

गोव्यात सुमारे साडेचारशे वर्षे राहिलेल्या पोर्तुगीजांमुळे स्पॅनिशच्या या सख्ख्या बहिणीचे अनेक शब्द मराठीत आले. पगार, चावी, बादली, बिजागरी हे त्यांपैकी काही. स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, ‘याबे’ म्हणजे किल्ली, ‘बाल्दे’ म्हणजे बादली आणि ‘बिसाग्रा’ म्हणजे बिजागरी. जहाजांतून आल्या त्या वस्तू आणि व्यवहार, त्यामुळे त्यांचीच नावे आली. हात, पाय, डोळे यांसाठी मराठीने पोर्तुगीजांकडून शब्द घेतले नाहीत. ते प्रत्येक भाषेत आधीपासूनच असतात.

तरीही अवयवांच्या नावांत एक नाते आहे आणि ते जहाजांहून कितीतरी जुने आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे प्रतिपादन सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात केले होते. पुढील काळातील भाषाभ्यासकांनी ते तपशिलाने सिद्ध केले. या कुळाच्या खुणा शरीरावर ठिकठिकाणी सापडतात. ‘द्येन्ते’ आणि ‘दंत’, ‘प्ये’ आणि ‘पद’, ‘नारीस’ आणि ‘नासा’, ‘ओख़ो’ आणि ‘अक्षि’, ‘वेसो’ आणि ‘अस्थि’, ‘उञा’ आणि ‘नख’, ‘ओम्ब्लीगो’ आणि ‘नाभि’, ‘कोरासोन’ आणि ‘हृद्’ या जोड्या एकाच मुळातून फुटलेल्या आहेत. काही जोड्या ऐकताच पटतात, काहींना मधली लॅटिन पायरी दाखवावी लागते.

यकृताची कहाणी आणखी रंजक आहे. लॅटिनमधील ‘इयेकुर’ हा शब्द संस्कृत ‘यकृत्’चा सख्खा भाऊ. परंतु रोमन लोक अंजीर खाऊ घालून पुष्ट केलेल्या जनावरांचे यकृत आवडीने खात. त्या पदार्थाच्या नावातील अंजिराचा शब्दच पुढे यकृताचे नाव बनला आणि मूळ शब्द मागे पडला. आज स्पॅनिशमध्ये यकृताला ‘ईगादो’ म्हणतात, त्यात अंजीर दडलेले आहे. गुडघ्याच्या ‘रोदिया’चा मूळ अर्थ ‘छोटे चाक’. ज्या लॅटिन ‘रोता’पासून तो आला, ती ‘रथ’ या शब्दाची नातेवाईक आहे. मांडीला ‘मुस्लो’ म्हणतात. लॅटिनमध्ये स्नायूला ‘छोटा उंदीर’ या अर्थाचा शब्द होता, त्यापासून हे नाव आले. तो उंदीर आपल्या ‘मूषका’च्याच गोत्रातला.

मात्र कानाला सारखा वाटला म्हणून प्रत्येक शब्द नात्यातला मानू नये. ‘मानो’ म्हणजे मान नव्हे.

जिभेवरचा केस, कोपरातली बडबड

अवयवांची नावे खऱ्या अर्थाने जिवंत होतात ती वाक्प्रचारांत. रात्रभर झोप लागली नाही, तर मराठी माणूस ‘डोळ्याला डोळा लागला नाही’ म्हणतो. स्पॅनिशभाषक ‘नो पेगार ओख़ो’, म्हणजे ‘डोळा न चिकटणे’ म्हणतो. संकटात साथ सोडणाऱ्याने दोन्हीकडे ‘पाठ फिरवलेली’ असते. जिवलग मित्र स्पॅनिशमध्ये ‘नख आणि मांस’ असतात. वैतागलेल्याच्या मराठीत ‘नाकी नऊ’ येतात, तर स्पेनमध्ये तो ‘नाकपुड्यांपर्यंत’ भरलेला असतो. अखंड बडबड करणारा ‘कोपरांतून बोलतो’ आणि अतिशय महागड्या वस्तूची किंमत ‘चेहऱ्यावरचा एक डोळा’ एवढी असते. मराठीत जिभेला हाड नसलेला माणूस बेताल बोलतो. स्पॅनिशमध्ये जिभेवर केस नसलेला माणूस स्पष्टवक्ता ठरतो. एकाची निंदा, दुसऱ्याची बहुधा स्तुती.

‘ओख़ो!’ असे नुसते कोणी ओरडले, तर त्याचा अर्थ ‘सांभाळून!’ असा होतो. ‘माल दे ओख़ो’ म्हणजे दृष्ट. मेक्सिकोपासून स्पेनपर्यंत तान्ह्या बाळाला ती लागू नये म्हणून आजही अनेक घरांत काळजी घेतली जाते. तीट लावणाऱ्या घरात वाढलेल्यांना या शब्दाचे भाषांतर करून द्यावे लागणार नाही.

पाठांतरापलीकडे

हे सारे पाहता यादी पाठ करण्याची पद्धत थोडी बदलावी लागेल. शब्द लिंगदर्शक ‘एल’ किंवा ‘ला’सह आणि एका छोट्या वाक्यासह शिकावा. ‘ला रोदिया’ आणि लगेच ‘मे द्वेले ला रोदिया’. सुरुवातीचे काही दिवस उच्चार देवनागरीत टिपून ठेवण्यास हरकत नाही. मात्र स्पॅनिश लिपीतील शब्द वाचता येऊ लागताच ही कुबडी सोडावी. तेथे ‘ह’चे अक्षर लिहिले जाते पण उच्चारले जात नाही आणि ‘व’सारखे दिसणारे अक्षर ‘ब’ म्हणून वाचले जाते. हे डोळ्यांनाही कळायला हवे.

दुसरी गोष्ट हालचालीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६०च्या दशकात आज्ञा ऐकून शरीराने प्रतिसाद देण्यावर आधारलेली भाषाशिक्षणाची पद्धत विकसित केली. अवयवांच्या धड्याला ती विशेष मानवते. स्पॅनिश वर्गात खेळला जाणारा ‘सिमोन दिसे’ हा खेळ त्याच जातीचा. एकाने ‘सिमोन म्हणतो’ असे सांगून आज्ञा द्यायची, इतरांनी ती पाळायची आणि ‘सिमोन म्हणतो’ हे शब्द नसतील तर हलायचे नाही. ‘तोकाते ला नारीस’, म्हणजे ‘नाकाला हात लाव’. येथेही ‘तुझ्या’ नाही.

तिसरी गोष्ट, मराठीशी जुळणारे आणि न जुळणारे शब्द वेगळे लिहावेत. बोट, दाढ, ‘हात धुणे’, ‘तू-तुम्ही’ हे एका रकान्यात. हात, पाय, कान आणि केस दुसऱ्या रकान्यात. पहिल्या रकान्यावर वेळ घालवण्याची गरज नाही. सारा सराव दुसऱ्यावर करावा, कारण चुका तेथेच होणार आहेत.

‘नखशिखांत’ या शब्दालाही स्पॅनिशमध्ये जोडीदार आहे. ‘दे प्येस आ काबेसा’, म्हणजे पायांपासून डोक्यापर्यंत. हा प्रवास पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला परक्या शहरातील दवाखान्यात एखाद्या घाबरलेल्या वृद्धेसमोर उभे राहावे लागले, तर त्याने पहिला प्रश्न ‘दोन्दे ले द्वेले?’ असा विचारावा. तिने ‘एल ब्रासो’ म्हटले, की तिचे बोट कोठे टेकले आहे ते पाहावे. आणि त्याच वेळी दुसरा हात छातीवर गेला असेल, तर पुढचा शब्द आठवत बसण्याऐवजी तातडीने डॉक्टरांना हाक मारावी.